पाइन म्हणे! कुठलं पाइन?

सकाळी सात चाळीसला सोसायटीच्या ग्रुपवर फोटो. रात्रभर पावसानं झोडपलं होतं आणि बागेतल्या त्या उंच झाडाच्या बुंध्याशी केशरी-तपकिरी छत्र्यांचा झुबका आला होता. सी विंगमधल्या काकांनी फोन पुढे धरला आणि ॲपनं तीन सेकंदांत निकाल दिला. लॅक्टेरियस डेलिशिओसस, पाइनखाली उगवते, खाण्यायोग्य. खाली अंगठ्यांची रांग. "वा काका, आज भाजी!" "बटर-गार्लिक करा, लहान मुलंही खातात." पाठोपाठ अर्ध्या भरलेल्या टोपलीचा फोटो.

मी पोळ्या करत होते. गॅस बंद केला, गाऊनवर ओढणी घेतली आणि लिफ्टची वाट न बघता चार मजले उतरले. वय वर्षं एकसष्ट, गुडघ्यांबद्दल विचारू नका.

अहो, ते झाड पाइन नाही! बिल्डरनं सोसायटीच्या नावात पाइन घातलं आणि ते खरं करायला बागेत चार अरौकेरिया लावले. डिसेंबरात आपण त्यांनाच दिवे गुंडाळतो. इंग्रजीत त्याला नॉरफोक पाइन म्हणतात खरं, पण ते कूळच वेगळं. ठाण्यात, घोडबंदर रोडला पाइनचं जंगल नसतं हो. येऊरच्या डोंगरातही नाही, अख्ख्या सह्याद्रीत ते मूळचं नाही. किनाऱ्यावरच्या सुरूलाही लोक पाइन म्हणतात, पण तोही पाइन नाही.

आता म्हणाल, झाडावरून एवढं काय? आहे. मशरूमच्या बाबतीत सगळं झाडापासूनच सुरू होतं, आणि हे मला शिकवलं पोलंडमधल्या एका म्हातारीनं.

लेक व्रोत्सवाफला असते. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात गेले होते तिच्याकडे. तिची घरमालकीण पंच्याहत्तरीची, तिला सगळे 'पानी' म्हणायचे. पोलिशमध्ये पानी म्हणजे बाई. मला पहिले दोन दिवस वाटत होतं, तिला सारखी तहान लागते. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि मला पोलिश, त्यामुळे आमचं छान जमलं. एका रविवारी ती मला वेताची टोपली देऊन जंगलात घेऊन गेली. तिकडे शरदात सगळा देशच मशरूम वेचायला बाहेर पडतो.

तासाभरात मला एक मिळालं. केशरी, वर गडद वर्तुळं, मधे खळगा, अगदी पुस्तकातल्यासारखं. मी नाचतच तिच्याकडे गेले. तिनं मशरूमकडे पाहिलंसुद्धा नाही. वर पाहिलं. बोट वर करून विचारलं, "सोस्ना?" सोस्ना म्हणजे पाइन. मी नंदीबैलासारखी मान हलवली. तिला पटलं नाही. मला हाताला धरून मी ते जिथून उपटलं तिथवर परत नेलं, खालची फांदी वाकवली आणि सुया दाखवल्या. तिकडच्या पाइनच्या सुया जोडीनं येतात, एका गाठीतून दोन. ही सुई एकटी होती. म्हणजे स्प्रूस, पाइनसारखंच सुयांचं पण वेगळं झाड.

बरं, तिथंही संपलं नाही. तिनं देठ कापला. गाजराच्या रसासारखा चीक आला. मला वाटलं, झालं, हेच ते. बाईनं मला ओंडक्यावर बसवलं, थर्मासमधला चहा दिला, कापलेलं मशरूम मधे ठेवलं आणि घड्याळावर बोट ठेवलं. थांब. अर्धा तास आम्ही दोघी त्या चिकाकडे बघत बसलो. हळूहळू तो केशरी रंग काळपट लाल झाला. बाईनं 'बघ' अशी भुवई उडवली. पाइनखालच्या खऱ्या मशरूमचा चीक केशरीच राहतो, पुढे सावकाश हिरवट डाग पडतात. देठावर छोटे छोटे खळगेही असतात, माझ्याच्या देठावर ते नव्हते. माझ्या हातातलं हे त्याचं स्प्रूसखाली येणारं चुलत भावंड. विषारी नाही, जरा कडसर. तरी बाईनं ते वेगळ्या पिशवीत टाकलं. माझं नाक कापलं गेलं ते गेलंच.

नंतर घरी येऊन वाचत बसले (निवृत्त शिक्षिका, दुसरं काय करणार). पाइनखालच्या या मशरूमला लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं 1753 मध्ये नाव दिलं, ॲगॅरिकस डेलिशिओसस. तेव्हा छत्रीखाली कल्ले (पातळ पापुद्र्यांच्या रांगा) असलेलं जवळजवळ सगळंच ॲगॅरिकसमध्ये कोंबत. 1821 मध्ये ग्रे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं चीक येणाऱ्यांच्या गटात ते हलवलं आणि लॅक्टेरियस झालं. आणि ते स्प्रूसखालचं, माझ्या हातातलं? ते स्वतंत्र जात म्हणून वेगळं काढलं गेलं 1968 मध्ये. दोनशे पंधरा वर्षं! दोनशे पंधरा वर्षं भलेभले या दोघांना एकच समजत होते आणि आमच्या ग्रुपला तीन सेकंद पुरतात.

हो, मान्य, ॲप मीही वापरते. खिडकीत येणाऱ्या पक्ष्यांसाठी. पक्षी कुणी बटर-गार्लिकमध्ये घालत नाही.

तर खाली गेले. काकांच्या टोपलीतलं एक उचललं, कल्ल्यांवर नख ओढलं. चीक नाही. देठ मोडला. लॅक्टेरियसचा देठ खडूसारखा कट्कन मोडतो, चौतीस वर्षं खडू मोडलेत मी, मला तो आवाज कळतो. हा तंतू ओढत फाटला. थेंबभरही चीक नाही. म्हटलं, काका, हे ते नाहीच. काका म्हणाले, "मॅडम, तुम्ही उगाच घाबरवता. मग हे काय आहे ते सांगा." मी म्हटलं, मला माहीत नाही. तर हसले! मला माहीत नाही म्हणून ते खायचं, हा कुठला न्याय?

घाबरवतेच आहे, मुद्दाम. त्या सूचिपर्णी जंगलांत केशरी-तपकिरी रंगाचं आणखी एक मशरूम येतं, कॉर्टिनेरियस. ते खाल्लं तर त्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या दिवशीही बहुधा नाही. दोन दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी मूत्रपिंडं बंद पडायला लागतात, तोवर माणूस काय जेवला होता हेही विसरलेला असतो. शिजवून विष जात नाही. 1952 मध्ये पोलंडमध्येच याच कुळातल्या मशरूमनं शंभरहून जास्त माणसं आजारी पडली, काही गेली. तोपर्यंत ते निरुपद्रवी समजत होते. तो पिढ्यान्‌पिढ्या मशरूम वेचणारा देश. आणि आपण? लसूण काळी पडली तर विषारी, चांदीचं नाणं घालून बघा, असले फॉरवर्ड पाठवणारे.

मी चिडले की टाइप करताना चुका होतात, सांभाळून घ्या.

खरा राग वेगळाच आहे. याच ग्रुपवर मागच्या पावसाळ्यात मेसेज फिरला होता, "रस्त्यावर बसणाऱ्या बायकांकडून मशरूम घेऊ नका, धोका असतो." जांभळी नाक्याला येऊरच्या पाड्यावरची एक बाई बसते, शेवळी आणि काकडं घेऊन, नंतर टाकळा, आणि नशीब असेल तर पानात गुंडाळलेली अळंबी. मी एकदा शहाणपणा करून विचारलं, ही नक्की खायचीच ना? तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. एक अळंबी उचलून तिचं लांब, मुळासारखं टोक दाखवलं. "वारुळातली हाय. हे बघ, खालपर्यंत." झालं. तेवढंच. ही अळंबी वाळवीनं आपल्या वारुळात पोसलेल्या बुरशीवरच येते, म्हणून तिला ते लांब टोक असतं आणि म्हणून ती कारखान्यात पिकवता येत नाही. पोलंडची म्हातारी झाड विचारते, ही वारूळ दाखवते. दोघींना लॅटिनचं एक अक्षर येत नाही. पण कुणाच्या आधारानं उगवलं हे आधी बघायचं, ते दोघींना पक्कं ठाऊक. पाइनच्या मुळांना त्या केशरी मशरूमची बुरशी आपल्या धाग्यांनी गुंडाळते, पाणी-क्षार देते, साखर घेते. पाइन नाही तर ती नाही. अरौकेरियाच्या मुळांशी नांदणाऱ्या बुरश्या निराळ्याच, त्यांना छत्री येत नाही. म्हणजे फोटोत ते झाड दिसलं तेव्हाच निकाल लागला होता. पण ॲपला वर बघायला मान कुठे आहे?

पोलिशमध्ये एक म्हण आहे, लेकीनं सांगितली: काहीच नसण्यापेक्षा रिट्स बरं. रिट्स म्हणजे हेच केशरी मशरूम. आपल्या नाही मामापेक्षा काणा मामाची सख्खी बहीण. काकांना सांगावीशी वाटली, मग म्हटलं नको, ते उलटा अर्थ काढतील.

दुपारी काकू वर आल्या. टोपली फेकून दिली म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "यांची आई असेपर्यंत पहिल्या पावसात वारुळावरची अळमी आणायचे हे दोघं, कुडाळला. पहाटे, कुणाला न सांगता. फोटो बघितल्यापासून लहान पोरासारखं चाललं होतं यांचं." मी काहीच बोलले नाही. चहा टाकला. सकाळी चारचौघांत जरा जास्तच बोलले मी काकांना. पुढच्या आठवड्यात जांभळी नाक्याला गेले की दोन पुड्या घेईन, एक त्यांना.

तरी एक मशरूम मी ठेवून घेतलंय. देठ काढून, छत्री अर्धी पांढऱ्या, अर्धी काळ्या कागदावर, वर वाटी पालथी घातली आहे. रात्रभरात बीजाणू खाली पडतात आणि त्यांचा रंग कळतो. ह्यांनी दोनदा विचारलं, वाटीखाली काय आहे. हात लावू नका एवढंच सांगितलंय.

सकाळी सहा वीस: वाटी उचलली. रिट्सचे बीजाणू फिकट, सायीच्या रंगाचे असतात. कागदावर गंजाच्या रंगाची पूड पडली आहे. फोटो लेकीला पाठवला, तिनं पानीला दाखवला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, तरी म्हातारी जागी. उत्तर आलं, एकच शब्द आणि पुढे प्रश्नचिन्ह. झाड?