ओरिओचं बूस्टर आणि बाबांचा भाडेतक्ता

आमच्याकडे दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दोन मोठे खर्च येतात. एक गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि दुसरा ओरिओचं बूस्टर म्हणजे वर्षाची लस, त्यातल्या गच्चीसाठी निदान सोसायटीची मीटिंग तरी होते. ओरिओ म्हणजे आमचा कुत्रा, पार्किंगमध्ये सापडलेला, अस्सल गावठी, नाव मुलीने ठेवलंय. माझ्या वडलांना ते नाव उच्चारता येत नाही की उच्चारायचंच नाहीये देव जाणे, ते त्याला सरळ हरिओम म्हणतात आणि तो त्यांच्याच हाकेला आधी धावतो.

यावेळी मुलगी क्लासला, बायको ऑफिसला, कुत्र्याला धरायला कुणीतरी हवं म्हणून बाबा म्हणाले मी येतो. बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत. आठ आण्यांचा हिशोब जुळेना म्हणून डेपोत रात्र काढलेला माणूस आहे तो, त्याला प्राण्यांच्या दवाखान्याच्या काउंटरसमोर कधी उभं करू नये, एवढंच सांगतो.

खरं तर घरातूनच सुरुवात झाली. "औंधला सरकारी दवाखाना आहे की जनावरांचा, केसपेपर काढला की काम होतं." मी म्हणलं बाबा, संध्याकाळी सिंहगड रोडवरून औंधला कुत्रा घेऊन जायचं म्हणजे जेवढे वाचतील त्याच्या दुप्पट रिक्षावाला घेईल, तेही त्याने कुत्र्याला बसू दिलं तर. मग सगळ्या रस्त्याने गावाकडचं पुराण, की पावसाळ्याआधी सरकारी डॉक्टर मोटरसायकलवरून यायचे आणि घटसर्प-फऱ्याची लस दावणीला येऊन टोचून जायचे, बैलाला कधी अपॉइंटमेंट घ्यावी लागली नाही.

दवाखाना म्हणजे एक गाळाच, पण एसी. काउंटरवरच्या मुलीने "ओरिओ!" म्हणून पुकारा केला तर तीन जण आपापला कुत्रा घेऊन उठले. बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं, ते भिंती बघत होते. एका भिंतीवर जगातल्या सगळ्या कुत्र्यांचे फोटो, दुसऱ्या भिंतीवर मांजराचा सांगाडा. मला हळूच विचारलं, "भाडेतक्ता कुठाय?"

आता हा प्रश्न तसा बरोबरच आहे हो. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये दाढीचा दर लावलेला असतो, पिठाच्या गिरणीत ज्वारी वेगळी गहू वेगळा लिहिलेलं असतं, इथे मात्र काहीच नाही आणि आपणही विचारत नाही, कारण विचारलं की शेजारी बसलेली पर्शियन मांजरवाली बाई आपल्याकडे अशी बघते की बघा, हा माणूस स्वतःच्या बाळाचा भाव करतोय. मी इतकी वर्षं याच लाजेखातर मुकाट फोन काढून स्कॅन करत आलोय. बाबांना असली लाज नाही, त्यांनी काउंटरवर जाऊन खणखणीत आवाजात विचारलं, "एक फुल, लसीचं, किती?" ती मुलगी गोड हसून म्हणाली, "काका, डिपेंड्स."

डिपेंड्स! एसटीत म्हणून बघा.

आधी वजन. ओरिओ वजनकाट्यावर तीन पाय ठेवतो, चौथा ठेवला की पहिला काढतो. मग तो असिस्टंट पोरगा म्हणाला, सर तुम्ही त्याला उचलून उभे राहा, मग तुम्ही एकटे उभे राहा, वजा करू. या पद्धतीत कुत्र्याचं वजन कळायच्या आधी माझं वजन अख्ख्या वेटिंग रूमला कळतं आणि ते कुणी वजा करत नाही. वजाबाकी होऊन ओरिओ एकवीस किलो भरला. आत गेल्यावर बाबांनी डॉक्टर मॅडमना विचारलं की वजनाप्रमाणे लस कमीजास्त का? तर नाही, लसीचा डोस छोट्या पॉमेरियनला तेवढाच आणि ग्रेट डेनला तेवढाच. बाबांचा चेहरा उजळला, पहिल्यांदाच काहीतरी फ्लॅट रेट निघाला. "मग वजन कशाला?" जंताच्या गोळीला. दहा किलोला एक गोळी, म्हणजे एकवीस किलोला अडीच द्यायच्या आणि लावायच्या तीन. उरलेली अर्धी? अर्धी विकली जात नाही म्हणे. बाबा म्हणाले, "मग मागे लिहून द्या, अर्धी बाकी." तरुण वाचकांसाठी सांगतो, सुटे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायचा, ते होतं हे. मॅडमना वाटलं काका विनोद करताहेत. काका विनोद करत नव्हते.

मग थर्मामीटर. तो कुठे घालतात ते ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांना माहितीये, बाकीच्यांना न कळलेलं बरं. आला एकशे एक पॉइंट आठ. बाबा म्हणाले एकशे दोन ताप असताना इंजेक्शन देताय? कुत्र्याचं नॉर्मलच तेवढं असतं हो, साधारण एकशे एक ते साडेएकशे दोन. मॅडमनी ओठ वर करून हिरड्या बघितल्या, कान बघितले, स्टेथोस्कोप लावला, पोट दाबलं, आणि ओरिओ, जो घरात कुकरची शिट्टी झाली तरी भुंकतो, तो पुतळ्यासारखा उभा. दोन सुया कधी टोचल्या त्याला कळलंही नाही. मॅडमनी बाटल्यांवरचे स्टिकर सोलून पुस्तिकेत चिकटवले, सही, शिक्का, पुढच्या वर्षीची तारीख. हे स्टिकर चिकटवणं मात्र बाबांना फार आवडलं, काहीतरी पावती मिळाल्यासारखं.

आणि मग बिल. तपासणी सहाशे, नाइन इन वन (एकाच सुईत बऱ्याच रोगांवरची लस) एक हजार पन्नास, रेबीज साडेतीनशे, जंताच्या गोळ्या नव्वद प्रमाणे तीन म्हणजे दोनशे सत्तर, कन्झ्युमेबल्स साठ, इंजेक्शन चार्ज शंभर. दोन हजार चारशे तीस.

बाबांनी खिशातून चष्मा काढला. पेनही काढलं. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी पेन असतंच.

"लस विकत घेतली, मग ती टोचायचे शंभर वेगळे? न टोचता घेऊन जातात का लोक?" ती मुलगी म्हणाली काका तो सर्व्हिस चार्ज आहे. "आणि कन्झ्युमेबल्स काय?" सिरिंज, कापूस. "म्हणजे टोचण्यात सुई धरली नाही?" मागे रांग लागली. पर्शियन मांजरवाल्या बाई, ज्यांची मला इतकी भीती होती, त्या पुढे येऊन हळूच म्हणाल्या, विचारा काका विचारा, माझ्याकडून पण दरवेळी घेतात. मग लॅब्राडोरवाला म्हणाला, परदेशात डिस्टेंपर-पार्व्हो या कुत्र्यांच्या रोगांची लस तीन वर्षांनी देतात म्हणे, आपल्यालाच दरवर्षी का? वातावरण एकदम पॅसेंजर विरुद्ध महामंडळ झालं.

शेवटी मॅडमच बाहेर आल्या. त्यांचं म्हणणं मला पटलं, खोटं का बोला. तीन वर्षं ही काही रोगांपुरती, पण त्याच नाइन इन वनमध्ये लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या रोगाची लस असते, ती जेमतेम वर्षभर पुरते, आणि पावसाळ्यात उंदीर आणि साचलेलं पाणी आपल्याकडे किती ते तुम्हीच बघा. तपासणीचे पैसे घेते कारण तापात किंवा आजारात लस देत नाहीत, तेवढं बघायलाच मी साडेपाच वर्षं कॉलेज केलंय. लस दोन ते आठ डिग्रीत ठेवावी लागते, लाइट गेली तरी, असं त्या म्हणाल्या. मला विचाराल तर सहाशे रुपये त्या तपासणीचे योग्यच आहेत, माझा स्वतःचा डॉक्टर माझ्याकडे न बघता त्याच्या दीडपट घेतो. राग आहे तो त्या शंभर आणि साठचा, आणि ते शेवटी कळण्याचा. अहो एक बोर्ड लावा, चारशे रुपयांत फ्लेक्स होतो.

बाबा जीएसटीवरही भांडणार होते पण प्राण्यांच्या दवाखान्याच्या सेवेला जीएसटी माफ आहे, त्यामुळे त्यांची थोडी निराशा झाली.

या सगळ्यात रेबीजच्या साडेतीनशेवर मात्र त्यांनी पेन टेकवलं नाही. मी गाडीत विचारलं. तर म्हणाले, नोकरीत असताना स्टँडवर पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं, सिव्हिलला जाऊन पोटात चौदा इंजेक्शनं घेतलीत, त्याचे जे म्हणतील ते द्यायचे. ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनवायचे, २००४च्या शेवटी तिचं उत्पादन आपल्याकडे बंद झालं, आता दंडात चार-पाच सुयांवर भागतं आणि सरकारी दवाखान्यात फुकट. यातली गंमत बघा, ओरिओ मला चावला तर माझं फुकट, आणि तो चावूनही मला काही होऊ नये म्हणून त्याला द्यायचं ते विकत. पण हे बाबांपुढे बोललो नाही, ते म्हणाले असते मग चावू दे.

शंभर रुपये शेवटी मॅडमनी सोडले. बाबांनी तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण त्यांनी बिलाची मागची बाजू वाचली. बारीक अक्षरात लिहिलं होतं, सात दिवसांत पुन्हा आल्यास तपासणी फी नाही. झालं. पासच मिळाला. दुसऱ्या दिवसापासून बाबा चहा घेता घेता ओरिओचं निरीक्षण करायला लागले. "हरिओम जरा खोकल्यासारखा वाटतोय का रे?" नाही बाबा. "डावा कान खाजवतोय बघ." सगळेच खाजवतात बाबा. "अजून तीन दिवस आहेत, विचार कर." सहाव्या दिवशी मी ऑफिसमध्ये असताना त्याला रिक्षात घालून घेऊनच गेले. रात्री घरी आलो तर बाबा गप्प, ओरिओ पाय ताणून झोपलेला.

"तपासणी फुकट केली ना?"

"केली."

"मग?"

"नखं वाढलीत म्हणाल्या. तीनशे."