पार्ट्रिज अँड ऑरेंज 'अर्धवट' का वाटते? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पार्ट्रिज अँड ऑरेंज या फ्लायबद्दल (फ्लाय म्हणजे ट्राउटसारख्या माशाला भुलवण्यासाठी हुकावर दोरा आणि पिसं बांधून केलेला नकली कीटक) तुम्ही मुद्देसूद लिहिलंत, म्हणून उत्तरही तसंच देतो. तुमचे आक्षेप तीन आहेत. नुसता नारिंगी दोरा आणि पिसाचे दोन वेढे ही अर्धवट सोडलेली फ्लाय आहे, म्हणून तुम्ही शेपूट, सोनेरी तार आणि कोंबड्याच्या पिसाचे पाच वेढे घालून ती 'पूर्ण' केलीत, पण ती बुडत नाही आणि हिमाचलातल्या तीर्थन नदीवर तिला काही लागलं नाही. साध्या फ्लायला एक ट्राउट लागला, पण त्याच्या दातांनी पीस सुटलं. आणि पार्ट्रिजचं (तितरासारख्या विलायती पक्ष्याचं) पीस इथे आणायचं कुठून?

पहिल्या आक्षेपाचं उत्तर तुमच्याच मजकुरात आहे: मासा साध्या फ्लायला लागला.

कोंबड्याच्या मानेचं पीस ताठ असतं. त्याच्या तंतूंना बारीक लव जवळजवळ नसते, म्हणून ते पाणी धरत नाहीत आणि ड्राय फ्लायला, म्हणजे तरंगत्या फ्लायला, पाण्यावर तोलून धरतात. बुडणाऱ्या फ्लायवर तेच तंतू ब्रशसारखे उभे राहतात, प्रवाहात हलत नाहीत. पार्ट्रिजचा तंतू लवदार आणि मऊ. पाण्याचा दाब वाढला की तो अंगाला चिकटतो, कमी झाला की उघडतो. पाण्यातून वर येणाऱ्या कॅडिस किंवा मेफ्लाय या कीटकांचे पाय असेच हलतात. पाच वेढे घातले की तंतू एकमेकांना टेकतात आणि ही उघडझाप बंद पडते, मग पीस कितीही मऊ असो. बांधलेली फ्लाय पाण्याच्या ग्लासात दोऱ्याने हळूहळू ओढून बघा. थांबताना तंतू उघडले नाहीत, तर वेढे कमी करा.

शेपटीचा तोटा वेगळा. १४ नंबरच्या हुकावर नुसत्या दोऱ्याचं बारीक अंग लगेच पाणी कापून खाली जातं. शेपूट आणि जाड अंग हवा धरून ठेवतं, शिवाय प्रवाहात फ्लायला वर उचलतं. 'ही बुडत नाही' ही तुमची तक्रार त्यातूनच आली आहे.

दोऱ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुम्ही पाठवलेल्या फोटोतला दोरा रेशमी वाटत नाही. बांगड्या-दागिन्यांसाठी 'सिल्क थ्रेड' म्हणून मिळणारी रिळं बहुतेक रेयॉनची असतात. एक तुकडा जाळून बघा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. रेयॉनला कागद जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. फरक पडतो, कारण रेशीम ओलं झालं की अर्धपारदर्शक होतं, खालचा काळपट हुक त्यातून जाणवतो आणि भडक नारिंगी तपकिरीकडे झुकतो. पॉलिएस्टरने मासा लागणारच नाही असं नाही, पण तो रंग येत नाही.

आता पीस सुटण्याबद्दल. ही तक्रार रास्त आहे. तुम्ही अंग आधी केलंत आणि पीस शेवटी नाजूक टोकाने बांधलंत, त्यामुळे त्याचा देठ उघडा राहिला. उत्तर इंग्लंडमधली जुनी पद्धत उलटी आहे.

मधमाशीचं मेण चोळलेला दोरा हुकाच्या डोळ्यामागे (लाइन ओवायच्या छिद्रामागे) एक मिलिमीटर जागा सोडून सुरू करा. पिसाच्या बुडाचा कापूस काढून टाका आणि एका बाजूचे तंतूही सोलून टाका. पीस देठाने बांधा, टोक डोळ्याच्या पुढे, चकचकीत बाजू तुमच्याकडे. मग दोरा वेढ्याला वेढा लावत मागे न्या, पण हुकाच्या टोकाच्या वर आलात की थांबा, वाकावर उतरू नका. तसाच परत या आणि डोळ्याच्या मागे दोन मिलिमीटरवर थांबा. आता पीस चिमट्यात धरून मागे, दोऱ्याच्या दिशेने, दोन वेढे द्या. दोऱ्याच्या दोन वेढ्यांनी टोक पक्कं करून कापा. यानंतरची पायरी सोडू नका: दोरा तंतूंमधून थोडा नागमोडी हलवत पुढे डोळ्याकडे न्या. त्यामुळे देठाचा प्रत्येक वेढा दोऱ्याखाली दाबला जातो आणि माशाचा दात लागला तरी पीस उलगडत नाही. शेवटी चार-पाच वेढ्यांचं डोकं आणि व्हिप फिनिश, म्हणजे दोरा स्वतःच्याच वेढ्यांखाली अडकवणारी गाठ. वार्निश सुईच्या टोकाने टिपकाभर लावा. ते हॅकलमध्ये, म्हणजे गुंडाळलेल्या पिसात, उतरलं की तंतू चिकटून फ्लाय वाया जाते.

टिकाऊपणाची ही चिंता नवी नाही. मासेमारीवर लिहिणारे स्कॉटलंडचे डब्ल्यू. सी. स्टुअर्ट १८५७ च्या सुमारासच पीस आणि दोरा एकत्र पिळून गुंडाळायला सांगत होते.

तुमच्या एका शंकेत मात्र तथ्य आहे. तीर्थन किंवा बरोटच्या ऊहल नदीसारख्या वेगवान पाण्यात दोन वेढ्यांचं हॅकल अंगाला पूर्ण चिकटून राहू शकतं. त्यासाठी वेढे वाढवू नका. हॅकलच्या लगेच मागे पाळीव सशाचे केस दोऱ्यावर अगदी विरळ पिळून दोनच वेढे द्या. त्या छोट्या उंचवट्यावर तंतू टेकतात आणि मिटले तरी परत उघडतात. वरच्या क्रमात हे काम पीस गुंडाळण्याआधी, दोरा परत येताना करायचं.

पिसाबद्दल: आपल्याकडच्या तितराच्या मागे लागू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला संरक्षण आहे. गावरान कोंबडीच्या, म्हणजे मादीच्या, मानेची आणि पाठीची ठिपकेदार तपकिरी पिसं उत्तम चालतात. तंतू हुकाच्या वाकापर्यंत पोचावेत, फार तर किंचित पुढे. तुमच्या फोटोत ते जवळपास दुप्पट लांब आहेत. पिसं कोमट पाण्यात सौम्य शांपूने धुवा, पूर्ण वाळवा, बंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे कीड लागत नाही.

टाकताना फ्लाय आधी पाण्यात बोटांनी चांगली दाबून ओली करा. प्रवाहाला आडवी, किंचित खाली टाका, ताण ठेवून वळू द्या आणि लाइन सरळ झाली की लगेच उचलू नका. फ्लाय वर येऊ लागते तो क्षण सगळ्यात महत्त्वाचा, चावा बहुतेक तेव्हाच येतो. झटका देऊ नका, रॉड नुसता उचला. हिमाचलात परवाना लागतोच, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटच्या विणीमुळे मासेमारी बंद असते. तेवढ्या काळात डझनभर बांधून होतील.

पुढचा फोटो पाठवाल तेव्हा फ्लाय ओली करून, बाजूने आणि समोरून असे दोन पाठवा. समोरून काढलेल्यात हॅकलचे तंतू मोजता यायला हवेत.