गाव महापालिकेत गेलं म्हणजे नेमकं काय बदलतं?

‘गाव महापालिकेत गेलं की वर्षभरात नळाला शहराचं पाणी, टॅक्स पहिल्याच दिवसापासून तिप्पट, आणि जुनी बांधकामं आपोआप अधिकृत.’ पुण्याच्या हद्दवाढीबद्दल फिरणाऱ्या या मेसेजमधलं एकही विधान जसंच्या तसं खरं नाही.

आधी पाणी. पुण्यात ऑक्टोबर 2017 ला 11 आणि 30 जून 2021 ला 23 गावं आली. अधिसूचनेने जबाबदारी बदलली, जमिनीखालचे पाइप तेच राहिले. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही 2021 ची गावं. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता भागात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा चर्चेत आलं की धरणाचं पाणी नांदेडच्या विहिरीत घेऊन नुसतं क्लोरिन टाकून सोडलं जातंय; शुद्धीकरण केंद्रच नाही. पाणी गढूळ असलं की क्लोरिन गाळातल्या सेंद्रिय घाणीवरच खर्ची पडतं. विहिरीपाशी डोस बरोबर दिसतो, पण शेवटच्या नळाला लिटरमागे हवं असलेलं किमान 0.2 मिलिग्रॅम शिल्लक क्लोरिन मिळेलच असं नाही. वर क्लोरिनचा पाण्याशी अर्धा तास संपर्कही हवा. म्हणून क्रम असा: शुद्धीकरण केंद्र, मुख्य वाहिनी, उंच टाकी, वितरणाचं जाळं, मग नळजोड. उद्घाटनाची घाई नळजोडांचीच असते. ते आधी दिले तर तेच कच्चं पाणी जास्त घरांत जातं, इतकंच.

टॅक्सचं गणित वेगळं आहे. ही गावं आली तेव्हाचा नियम असा: पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीचाच दर, पुढे दरवर्षी 20 टक्क्यांच्या टप्प्याने वाढ. बिल तिप्पट दिसतं ते शास्तीमुळे, म्हणजे दंडामुळे. महापालिका अधिनियमाच्या कलम 267-अ नुसार अनधिकृत बांधकामाला मिळकतकराच्या दुपटीपर्यंत शास्ती लावता येते. मूळ कर धरून तिपटीपर्यंत. त्यामुळे एकूण रकमेवर भांडण्याआधी शास्तीचा रकाना बघा.

आणि ‘आपोआप अधिकृत’? नमुना 8 मधली, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर नोंदवहीतली नोंद कर आकारणीपुरती असते, तो बांधकाम परवाना नव्हे. गुंठेवारीत (गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनी नियमित करण्याच्या कायद्यात) 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना वाव आहे, पण तिथेही अर्ज, नकाशा, शुल्क लागतंच. त्यात 23 गावं पालिकेत घेऊन सरकारने त्यांच्या आराखड्याचं काम मात्र तेव्हा पीएमआरडीएला (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) दिलं. हा घोळ मेसेजवाल्यांनी केलेला नाही. बांधकाम परवानगीचं शुल्क पीएमआरडीएकडे जमा आणि त्या इमारतींच्या ड्रेनेजचा खर्च पालिकेकडे, अशी वाटणी केल्यावर मुख्य मलवाहिनी इमारतींच्या मागून येणारच.