मूल झोपेत असताना गुपचूप निघू नका

"झोपलाय तोवर नीघ, उठला की सोडणार नाही." ऑफिसच्या कामाने बाहेरगावी निघालेल्या आईला किंवा बाबांना घरातलं कोणीतरी हे सांगतंच. सांगणाऱ्याच्या मनात माया असते, पण मला हा सल्ला अजिबात पटत नाही.

मूल उठल्यावर रडतंच, फक्त ते बघायला आपण तिथे नसतो. वर पुढचे कित्येक दिवस ते झोपायला तयार होत नाही, कारण डोळे मिटले की आई नाहीशी होते हे त्याने बघितलेलं असतं. आई आंघोळीला गेली तरी दाराशी बसून दार वाजवत राहतं. मग आपणच म्हणतो, फार चिकट झालाय! आठ-नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत आईबाबा नजरेआड झाले की होणारी घालमेल सगळ्यात जास्त असते. तो लाडावल्याचा परिणाम नव्हे, वाढीचाच भाग आहे.

म्हणून सांगून निघा, पापी घेऊन निघा, आणि रडलं तर रडू द्या. "आत्ता येते हं" असं मात्र खोटं सांगू नका.

तीन वर्षांच्या मुलाला "शुक्रवारी येईन" म्हणजे काहीच कळत नाही. रात्री झोपायचं आणि सकाळी उठायचं, हे कळतं. माझ्या भाचीसाठी आम्ही कागदी कड्यांची साखळी दाराला लावली होती. रोज उठलं की एक कडी तिने तोडायची. एकदा काम लांबलं, तेव्हा बहिणीने फोनवर थेट तिलाच सांगितलं आणि तिच्याच हाताने एक कडी वाढवायला लावली. रडत रडत तिने डिंक लावला, पण चिकटवली. मोठ्यांनी परस्पर ठरवलं असतं, तर तिचा त्या साखळीवरचा विश्वास तिथेच संपला असता.

व्हिडिओ कॉलवर मूल दोन मिनिटांत पळालं तर "बोल ना, बाबांशी बोल" म्हणून ओढून आणू नका. झोपायच्या वेळी फोन केल्यावर जास्त रडत असेल तर सकाळी करा. आणि घरी थांबलेल्यांनो, "आई येऊ दे, मग तिला तुझं नाव सांगते" ही धमकी कृपा करून नको. जिची वाट बघायची, तिचीच भीती कशाला?

परत आल्यावर मूल कधीकधी तोंड फिरवतं, आजीला बिलगतं. फार लागतं ते मनाला. पण तो राग आपल्यावरच्या प्रेमातूनच येतो. अशा वेळी खेळणं पुढे करून त्याला पटवू नका. जमिनीवर त्याच्या शेजारी बसा, बॅग राहू दे तशीच. ते येईल.

आणि एक विनंती दौरे ठरवणाऱ्या वरिष्ठांना. तारीख आदल्या संध्याकाळी कळली, तर घरातल्या लहानग्याला सांगायचं कधी? निदान दोन-तीन दिवस आधी सांगत जा.