लष्कराच्या भाकऱ्या कशा भाजाव्यात

पाश्चात्त्य वृत्तपत्रात स्तंभ लिहिण्याची आपली इच्छा असेल आणि एखाद्या दूरच्या देशात लोकशाही नाही या विचाराने आपली झोप उडाली असेल, तर त्या देशाची भाषा शिकण्याच्या फंदात मुळीच पडू नये. भाषा आली की तिथल्या माणसांचे म्हणणे ऐकू येऊ लागते, त्यांचे आपापसातही पटत नाही असे लक्षात येते, आणि आठशे शब्दांत मावणारा विषय हाताबाहेर जातो. त्यापेक्षा युद्ध करून बाहेरून लोकशाही आणता येते याचा दाखला म्हणून पहिल्याच परिच्छेदात जर्मनी आणि जपान यांची नावे घालून मोकळे व्हावे. (दोन्ही देशांत महायुद्धाच्या कितीतरी आधीपासून संसद, पक्ष आणि निवडणुका होत्या, ही माहिती पाठ्यपुस्तकात शोभते, अग्रलेखात ती अडगळ होते.) इराणचा विषय मात्र चुकूनही काढू नये. तिथल्या संसदेने निवडलेले पंतप्रधान मोसद्देक यांचे सरकार १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनीच मिळून उलथवले होते, आणि हे आठवले की वाचक उगाच गोंधळतो.

शब्द जपून वापरावेत. 'आक्रमण' नेहमी शत्रू करतो. आपण करतो तो 'हस्तक्षेप', आणि तोही शक्यतो 'मर्यादित'. या बाबतीत अमेरिकी लष्कराकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. २००१ मध्ये अफगाणिस्तानच्या मोहिमेला आधी 'अमर्याद न्याय' असे नाव ठरले होते. असा न्याय केवळ ईश्वरच करू शकतो, अशी मुस्लिमांची हरकत येण्याची चिन्हे दिसताच ते 'चिरस्थायी स्वातंत्र्य' असे करण्यात आले. बॉम्ब मात्र बदलावे लागले नाहीत.

पुरावा कुठे पाहावा, हेही समजले पाहिजे. फेब्रुवारी २००३ मध्ये इराकविरुद्धची बाजू मांडण्यासाठी अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत आले, तेव्हा बाहेरच्या भिंतीवरील पिकासोच्या 'गेर्निका'ची विणलेली प्रतिकृती निळ्या पडद्याने झाकलेली होती. बॉम्बफेकीखाली तडफडणारी माणसे आणि किंचाळणारा घोडा असे ते चित्र. कॅमेऱ्यांना साधी पार्श्वभूमी हवी होती, एवढेच कारण सांगण्यात आले. आत पॉवेल यांनी इराककडील अँथ्रॅक्सच्या धोक्याची कल्पना यावी म्हणून बोटांच्या चिमटीत एक छोटी कुपी धरून दाखवली. जाणत्या स्तंभलेखकाने कुपीविषयी लिहावे, पडद्याविषयी नाही.

युद्ध सुरू झाल्यावर गाडी रुळावरून घसरली, तर 'पुढचे सहा महिने निर्णायक आहेत' असे लिहावे आणि सहा महिन्यांनी तेच पुन्हा लिहावे. न्यूयॉर्क टाइम्सचे स्तंभलेखक थॉमस फ्रीडमन यांनी इराकबाबत हे इतक्यांदा लिहिले की टीकाकारांनी सहा महिन्यांच्या अवधीला 'फ्रीडमन एकक' असे नाव देऊन टाकले. न्यूटननंतर हा मान फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल. मध्येच इराकमधल्या जानेवारी २००५ सारखी निवडणूक झाली, तर जांभळ्या शाईने माखलेले बोट उंचावणाऱ्या बाईचे छायाचित्र अवश्य छापावे. शाई उतरल्यानंतर त्या बाईचे काय झाले, याची चौकशी आपल्या कामात मोडत नाही.

सगळेच अंगाशी आले, तरी घाबरण्याचे कारण नाही. बैल गेल्यावर झोपा करण्याचीही एक सभ्य पद्धत आहे. इराककडील संहारक अस्त्रांच्या बातम्या पुरेशा कसोशीने तपासल्या गेल्या नाहीत, अशी कबुली न्यूयॉर्क टाइम्सने २६ मे २००४ रोजी दिली. त्यांतल्या अनेक बातम्या पहिल्या पानावर झळकल्या होत्या. कबुलीला दहावे पान मिळाले.

चौकशी समित्यांनाही भिऊ नये. ब्रिटनमध्ये इराक युद्धाच्या चौकशीसाठी चिलकॉट समिती २००९ मध्ये नेमली गेली आणि तिचा सुमारे सव्वीस लाख शब्दांचा अहवाल जुलै २०१६ मध्ये बाहेर आला. तोवर लिबियातला हस्तक्षेप झाला होता, तिथले हुकूमशहा गद्दाफी मारले गेले होते, देशात दोन सरकारे एकमेकांवर बंदुका रोखून बसली होती, आणि लिबियावरचा आपला लेख तर २०११ मध्येच आठशे शब्दांत लिहून झाला होता.