‘सुकियाकी’ कुठल्या पानावर?

जपानमधल्या कावासाकी शहरात नोकरीला होते तेव्हा ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक ‘सुनाक्कु’, म्हणजे छोटासा बार, होतं. सुनाक्कु म्हणजे आपला ‘स्नॅक’ शब्द, पण तिथे शेंगदाणे आणि सुक्या मासळीच्या पट्ट्या सोडून खायला काही नसतं. आठ खुर्च्या, काउंटरमागे साठीच्या मामा-सान (मालकीणबाईंना असंच म्हणतात) आणि कोपऱ्यात कराओके. शहरात सगळीकडे टचस्क्रीन आले होते, मामा-सानकडे मात्र अजून गाण्यांचं पुस्तक होतं. टेलिफोन डिरेक्टरीएवढं जाड, कडा फुगलेल्या, कव्हरवर बिअरच्या ग्लासांचे गोल डाग. गाणं शोधायचं, समोरचा नंबर रिमोटवर दाबायचा, की सुरू.

माझी पाळी आली. मला उभ्या आयुष्यात एकच जपानी गाणं येत होतं, ‘सुकियाकी’. बाबांच्या एका जुन्या इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटमध्ये ते कसं कोण जाणे शिरलं होतं आणि लहानपणी आम्ही भावंडं ते काहीच्या बाही शब्दांत गात असू. मी ऐटीत ‘सु’चं पान उघडलं. नाही. पुन्हा बोट फिरवलं. नाहीच. शेजारी बसलेले आमचे काचो, म्हणजे साहेब, म्हणाले, “भूक लागलीय का?” कारण सुकियाकी हे मांस आणि भाज्या घालून टेबलावरच उकळत ठेवलेल्या पातेल्याचं नाव आहे. शेवटी मी लाज सोडून चाल गुणगुणले. मामा-साननी माझ्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं आणि सरळ ‘उ’ काढला. ‘उए ओ मुइते आरुको.’ वर बघत चालूया. डोळ्यांतलं पाणी खाली सांडू नये म्हणून.

1961 चं हे गाणं. शब्द एइ रोकुसुके यांचे, चाल नाकामुरा हाचिदाई यांची, आवाज साकामोतो क्यू यांचा. परदेशात विकताना मूळ नाव जिभेवर बसेना, म्हणून कुणीतरी ओळखीच्या पदार्थाचं नाव चिकटवून दिलं. गाण्यात त्या पदार्थाचा थेंबसुद्धा नाही. आणि याच नावाने ते 1963 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तीन आठवडे पहिल्या नंबरवर होतं. उद्या आपलं एखादं विरहगीत कुणी लंडनमध्ये ‘मिसळपाव’ म्हणून विकलं तर आपल्याला कसं वाटेल? काचो म्हणाले, “वाटायचं काय, खपलं ना!” साकामोतो पुढे 1985 च्या ऑगस्टमध्ये जपान एअरलाइन्सच्या त्या भीषण विमान अपघातात गेले. हे मामा-साननी सांगितलं तेव्हा माझं गाणं सुरू होऊन गेलं होतं आणि पहिल्या दोन ओळी माझ्याकडून राहिल्याच.

पण मी हे लिहायला बसले ते त्या पुस्तकामुळे. पुस्तकाच्या कडेला रंगीत पट्ट्या होत्या, प्रत्येकीवर एक अक्षर. मी वरून खाली वाचत गेले: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. जपानी शिकताना हा तक्ता शंभर वेळा घोकला होता, परीक्षेला घोकतात तसा. त्या रात्री कडेवरच्या उभ्या रांगेत तो पहिल्यांदा *दिसला*. अहो, ही तर आपली वर्णमाला!

बघा. स्वर आधी: आ, इ, उ, ए, ओ. मग क. मग च च्या जागी स, कारण त्यांचा जुना स बराचसा च-त्सच्या अंगाने जाणारा होता, असं अभ्यासक मानतात. ट त्यांच्याकडे नाही, म्हणून थेट त, आणि तवर्गाच्या शेवटी आपला न जिथे बसतो तिथेच त्यांचा न. मग प हवा, तर तिथे ह बसलाय. तो ह पूर्वी प च होता, ओठांवरून निसटत निसटत ह झाला. अजूनही देशाचं नाव ‘निहोन’ आणि ‘निप्पोन’ अशा दोन्ही तऱ्हांनी घेतात. मग म, आणि पुढे य, र, व. आपण पहिलीत ओरडत म्हटलेलं य र ल व, फक्त ल वजा.

हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षूंनी मंत्रांचे उच्चार नीट व्हावेत म्हणून संस्कृत ध्वनींचा अभ्यास केला, सिद्धम् या संस्कृत लिहायच्या जुन्या भारतीय लिपीतून. कूकाई नावाचा भिक्षू 804 साली चीनला गेला आणि 806 मध्ये ते शास्त्र घेऊन परतला. त्या अभ्यासाच्या परंपरेतून पुढे जपानी अक्षरांचा हा पन्नास घरांचा तक्ता मांडला गेला. कूकाईने मठ उभारला त्या कोयासान डोंगरावर मी नंतर जाऊन आले. तिथल्या दफनभूमीत लाकडी फळ्यांवर सिद्धम् अक्षरं उभी लिहिलेली असतात. देवनागरी वाचणाऱ्याला ती ओळखीची वाटतात पण वाचता येत नाहीत, गावाकडच्या लग्नात भेटलेल्या लांबच्या नातेवाइकांसारखी.

मजा म्हणजे जपान्यांना हा क्रम बराच काळ विशेष प्रिय नव्हता. त्यांचा लाडका क्रम ‘इ रो हा’, एक जुनी कविता, जिच्यात प्रत्येक अक्षर एकदाच येतं. शब्दकोशसुद्धा त्याच क्रमाने लावत. ओत्सुकी फुमिहिकोंच्या ‘गेनकाई’ने (1889 ते 91) पन्नास घरांचा क्रम घेतला आणि पुढे तो रुळला. संगीतात मात्र इरोहा अजून जिवंत आहे: पाश्चात्त्य ए, बी, सी या सुरांना जपानीत इ, रो, हा म्हणतात. सी मेजर म्हणजे ‘हा’ची पट्टी.

आता मुद्द्यावर येते. माझं मत असं की गाण्यांची यादी पहिल्या अक्षरावरून लावली की ती भाषा काय गाते ते कळतं, आणि असं लावायचं तर उच्चारावरूनच लावायला हवं.

‘सा’चं पान घ्या. तिथे साकुरा नावाचीच इतकी गाणी की बोट ठेवायला जागा नाही. मोरियामा नाओतारोचं 2003 चं साध्या हिरागाना लिपीत, कोबुकुरोचं 2005 चं चिनी चित्राक्षरात, इकिमोनोगाकारीचं 2006 चं रोमन लिपीत. तीन गाणी, तीन लिप्या, तिन्हींचा उच्चार साकुरा. लिपीवरून लावली असती तर तिघी एकमेकींना कधी भेटल्या नसत्या. ‘कि’वर ‘किता’, म्हणजे उत्तर दिशा. एन्का, म्हणजे जुन्या वळणाच्या भावगीतांना, उत्तरेचं भारी वेड: बर्फ, बंदर, एकटीचा प्रवास, गरम साके (तांदळाची दारू). ‘ना’वर ‘नामिदा’, अश्रू. त्याच पानावर ओकिनावाच्या बोलीतलं ‘नादा सोसो’. चित्राक्षर तेच, उच्चार वेगळा, पण नशिबाने घर एकच. ‘काळ’ या चित्राक्षराचं नशीब तेवढं चांगलं नाही. नाकाजिमा मियुकीच्या ‘जिदाई’त ते ‘जि’ वाचतात म्हणून गाणं ‘शि’च्या पानावर (‘शि’ला दोन टिंबं दिली की ‘जि’ होतो, म्हणून तोही तिथेच राहतो), आणि तेरेसा तेंगच्या ‘तोकि नो नागारे नि मि ओ माकासे’मध्ये तेच अक्षर ‘तोकि’, म्हणून पार पुढे ‘तो’वर. म्हणजे गाणं नुसतं वाचलेल्या माणसाला या पुस्तकात ते सापडेलच असं नाही. ऐकलेल्याला सापडतं. हा नियम मला फार न्याय्य वाटतो.

‘रा’च्या रांगेची तर कीवच येते. मूळ जपानी शब्द र ने सुरूच होत नाहीत. म्हणून तिथे सगळी पाहुणेमंडळी: लव्हचं ‘राबु’, लायन, रूबी, लेमन. जुन्यांतलं एक ‘रिंगो नो उता’, सफरचंदाचं गाणं, पण रिंगो शब्दही चीनकडून आलेला. युद्ध हरल्यावर दोन महिन्यांनी आलेल्या सिनेमातलं हे आनंदी गाणं गाणाऱ्या नामिकी मिचिकोची आई त्याच वर्षीच्या मार्चमध्ये टोकियोवरच्या बॉम्बवर्षावात गेली होती.

हे अक्षरांचं वेड कराओकेपुरतं नाही. गाणं आणि कविता दोन्हींना जपानीत ‘उता’ म्हणतात. शंभर कवींच्या शंभर उतांचा पत्त्यांचा खेळ आहे, कारुता. वाचणारा कविता म्हणू लागला की तिच्या उत्तरार्धाचा पत्ता झडप घालून उडवायचा. सात कविता अशा की त्यांचं पहिलं अक्षर दुसऱ्या कुठल्याच कवितेला नाही: मु, सु, मे, फु, सा, हो, से. ‘मुसुमेफुसाहोसे’ असा त्यांचा मंत्रच करून पाठ करतात. ‘हो’ ऐकू आलं की हात निघालाच पाहिजे. उलट ‘आ’च्या सोळा कविता, तिथे कान टवकारून पुढच्या अक्षरांची वाट बघायची. गाण्याच्या भेंड्यांत वाढलेल्या मला हे समजवावं लागलं नाही. शब्दांच्या भेंड्याही आहेत त्यांच्याकडे, शिरितोरी. शेवटी ‘न्’ आला की तुम्ही बाद, कारण न् ने सुरू होणारा शब्दच नाही. आपण ण आणि ळ वर निदान भांडतो तरी!

आता घरची गोष्ट. नाशिकला परत आल्यावर बाबांच्या कॅसेटमधली मराठी गाणी मी फोनवर चढवली. फोनने ती इंग्रजी स्पेलिंगवरून लावली. ट, ठ, त, थ एकाच टी मध्ये कोंबले. ‘ज्ञानियांचा राजा’ एका फाइलीत डी वर, दुसरीत जी वर. झ कधी जे, कधी झेड. जिची मांडणी समुद्रापार जाऊन कराओकेच्या पुस्तकापर्यंत पोचली, ती वर्णमाला आपल्याच गाण्यांना मिळत नाही. तंत्रज्ञानाची अडचण आहे म्हणावं तर तीही नाही. गाण्याचं नाव देवनागरीत लिहिलं की क्रम बराचसा नीट लागतो. आपण लिहीत नाही. मीही लिहिलं नव्हतं.

गेल्या महिन्यापासून मी आणि आई रोज संध्याकाळी दहा-दहा नावं देवनागरीत टाइप करतोय. आई चष्मा लावून शेजारी बसते, मी नाव वाचलं की तिला ती ओळ पूर्ण म्हणायचीच असते, त्यामुळे दहाला तास जातो. ‘अ’ आणि ‘क’ ओसंडून वाहतायत. ‘ढ’मध्ये ‘ढगाला लागली कळ’ एकटंच बसलंय. ‘ठ’ तर कोराच आहे. कुणाला ठ चं काही आठवत असेल तर सांगा, पण आईची अट आहे: चालीसकट यायला हवं.