पिशवी लाईनीत होती

"तुम्ही लाईनीत आहात की नुसतेच उभे आहात?"

बँकेत पासबुक भरायला पाऊण तास ताटकळलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे पंगतीत बसलेल्याला जेवणार का विचारण्यासारखं आहे. तरी मी नीट सांगितलं, लाईनीतच आहे. तर ते काका म्हणतात, "मग माझ्या मागे या, माझी पिशवी साडेदहापासून लाईनीत आहे."

खाली बघतो तर खरंच, निळी नायलॉनची पिशवी, वर कोथिंबीर डोकावतेय. ती पुढच्या बाईंची समजून लाईन सरकली की मीच पायाने पुढे ढकलत होतो! म्हणजे काकांचा नंबर इतका वेळ मीच सांभाळला.

वर काका गप्पिष्ट. "आयुष्य लाईनीवर काढलं हो." मला वाटलं रेल्वेत असतील, आमच्या कल्याणात लाईन म्हटलं की सेंट्रल, वेस्टर्न, हार्बर एवढंच सुचतं. पण हे बोर्डातले लाईनमन निघाले, 2005 साली महावितरण वेगळी झाली त्याच्याही आधीचे. बालपण पोलीस लाईनीत गेलं. मुलगा मात्र लाईन सोडून ॲनिमेशनच्या लाईनीला गेला.

"आणि सूनबाई?"

"ती त्याची लाईनच, कॉलेजपासूनची."

एवढं सगळं एका शब्दावर. मूळ लॅटिनमध्ये हा शब्द म्हणे जवसाच्या दोऱ्यावरून आला, लिनन कापड त्याच खानदानातलं, म्हणजे आपली जवसाची चटणी लाईनीची चुलत बहीणच लागते. त्या दोऱ्याला आपण काय काय लटकवलंय, मरीन लाईन्स स्टेशनापासून ते शेवटच्या बाकावरून लाईन मारण्यापर्यंत!

तेवढ्यात काउंटरवरून आवाज आला, "लाईन गेलीय, थांबावं लागेल."

काकांनी आधी वर बघितलं. "पंखा तर फिरतोय."

"ती लाईन नाही काका, नेटची."

"मग तसं सांगा ना! मी फ्यूज बघायला निघालो होतो."

सगळे हसले, मीपण हसलो, पण हसता हसता हाफ डेची वाट लागत होती ते कुणाला सांगणार. लाईन कधी येईल विचारलं तर "वरून गेलीय". वरून म्हणजे कुठून, देवाकडून? आणि मिनिमम बॅलन्स नाही म्हणून पैसे कापायचे असतात तेव्हा यांची लाईन बरी कधी जात नाही, रात्री दोनलासुद्धा मेसेज येतो.

सव्वा एकला लाईन आली. काकांचं काम झालं, कोथिंबीर घेऊन निघाले, वर मला म्हणे, "बघा, लाईनीत राहिलं की होतं काम." माझं पासबुक मशीनमध्ये गेलं, करकर वाजलं आणि बाहेर आलं तर चार महिन्यांच्या सगळ्या एन्ट्र्या एकावर एक, एकाच लाईनीवर. कोळसा फासल्यासारखा नुसता काळा पट्टा.

"लाईन सरकली नाही वाटतं," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "नवीन पासबुकाचा अर्ज द्या, तिकडे, शेजारच्या लाईनीत."

शेजारच्या लाईनीत माणसं दोनच होती. पिशव्या पाच.